सात नंबरची बाटली

१

औषध अर्धं चोरीला गेलं होतं आणि बाटली मात्र गळ्यापर्यंत भरलेली होती.

व्यवस्थापकांनी ती तपकिरी बाटली टेबलावर ठेवली, शेजारी प्रयोगशाळेचा कागद सरकवला आणि खुर्चीत मागे रेलून हाताची घडी घातली.

"वाचा. एक नंबरच्या खोलीची बाटली. जेवढं औषध असायला हवं त्याच्या निम्मंच आहे. बाकी नुसता साखरेचा पाक."

तराजूबाईंनी कागद वाचला आणि त्यांचे डोळे लकाकले. समोरचा माणूस सुतकी चेहरा करून बसलेला असताना असं लकाकणं बरं दिसत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण बत्तीस वर्षं वजनमाप खात्यात काढलेली बाई. दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेले चुंबक नुसत्या बोटांनी चाचपून काढलेले. निवृत्तीनंतरचं वर्ष त्यांनी पडदे धुण्यात आणि धुतलेले पडदे पुन्हा धुण्यात घालवलं होतं. पर्समधला छोटा ताणकाटा आणि चार वजनं तेवढी सुटली नव्हती, आणि त्यांच्यामुळेच भाचरांनी त्यांचं नाव तराजूबाई ठेवलं होतं. मुख्य विश्वस्त त्यांचा मावसभाऊ. त्याचा सकाळी फोन आला आणि त्या चहा अर्धा टाकून निघाल्या.

हे निवास होतं अपस्माराच्या रुग्णांचं. सव्वीस जण इथे राहायचे आणि वह्या बांधणं, कपडे शिवणं अशी कामं करायचे. बहुतेकांना गोळ्या चालू होत्या. पण एका ओळीतल्या सात खोल्यांमधले सात जण फेनिटॉइन नावाचं जुनं औषध पातळ स्वरूपात घ्यायचे. ते मिश्रण निवासातच तयार व्हायचं. गेली बावीस वर्षं ते कंपाउंडरकाका बनवत होते आणि त्या बावीस वर्षांत एकदाही तक्रार आली नव्हती.

"दोन आठवड्यांपूर्वी एक नंबरच्या मुलीला काम करता करता फीट आली," व्यवस्थापक म्हणाले. "चार वर्षांनी. कपाळ फुटलं. तीन दिवसांनी दोन नंबरच्या आजोबांना आली. मी नुकतीच भरलेली बाटली तपासायला पाठवली, तर हे निघालं."

"औषधखोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"एकट्या काकांकडे. म्हणून तर." व्यवस्थापकांनी आवाज खाली आणला. "चार वाजता विश्वस्तांची बैठक आहे. ठराव तयार आहे. काकांना पोलिसांच्या हवाली करायचं आणि हे जुनाट औषध कायमचं बंद करायचं. डॉक्टरही महिनाभर नव्या औषधाचाच धोशा लावून बसलेत. तुमच्या भावाला वाटतं की आधी कुणीतरी परक्या नजरेने पाहावं. माझ्या मते त्यात पाहण्यासारखं काही नाही."

"आत्ता किती वाजले?"

"दहाला पाच कमी."

"सहा तास," बाई खुशीत म्हणाल्या. "भरपूर झाले."

त्या उठल्या, तोच बाहेरच्या बोळात काहीतरी धाडकन आदळलं.

२

बोळात एक साठीचा माणूस भिंतीला पाठ टेकून बसला होता. नाकावरचा चष्मा वाकडा झालेला, गळ्यात शिंप्याची फीत. शेजारी कापडाचा गठ्ठा उलगडून पडला होता.

"हे पाहा, आमचा दुसरा ताप," व्यवस्थापक कपाळाला हात लावून म्हणाले. "सात नंबर. शिवणकामाचे मास्तर. तीन आठवडे पिऊन झोकांड्या खातायत. बाटली कुठून येते देव जाणे. मी खोली तीनदा झाडून पाहिली. शेवटी शिवणाच्या यंत्रावर बसायला बंदी घातली."

"मी... आयुष्यात... कधी थेंब... घेतला नाही," मास्तर म्हणाले. शब्द एकमेकांना चिकटून येत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पडल्यामुळे आलेलं नव्हतं.

तराजूबाई सरळ फरशीवर बसल्या आणि मास्तरांच्या तोंडाजवळ नाक नेऊन त्यांनी वास घेतला. दंतमंजनाचा वास आला, दुसरा कसलाच नाही. मग त्यांनी सहज म्हणून एक बोट उजवीकडे नेलं आणि म्हणाल्या, "मास्तर, इकडे बघा पाहू."

मास्तरांनी बघितलं. त्यांची बुबुळं बोटापाशी थांबेनात. बाजूला जायची, झटक्यासरशी परत यायची, पुन्हा जायची. बाईंनी आयुष्यात बरेच दारुडे पाहिले होते. पैकी निम्मे तर त्यांच्याच खात्यात होते. पण दंतमंजनाचा वास येणारा दारुडा त्यांच्या पाहण्यात नव्हता.

"शिवण कधीपासून वाकडी जायला लागली?"

"तीन आठवडे. आधी थोडी. मग रोज जास्त."

"या ओळीत आणखी कोणाचा तोल जातो?"

व्यवस्थापक जरा घुटमळले. "सहा नंबरच्या आजी भिंत धरून चालतात खऱ्या. पण त्यांचं वय झालं."

"कधी झालं वय? तीन आठवड्यांपूर्वी?"

एक आणि दोन नंबरला फिटा, सहा आणि सात नंबरला झोकांड्या. बाईंनी मनातल्या मनात ओळीच्या दोन्ही टोकांना खुणा केल्या.

३

औषधखोली आरशासारखी लख्ख होती. कंपाउंडरकाका स्टुलावर बसले होते. किडकिडीत अंगाचा, दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस. बाई आत आल्यावर ते उठले, पण उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"काका, तुमचं म्हणणं काय?"

"मी काय म्हणू? कागदच बोलतोय."

बाईंनी त्यांचा काटा तपासला. पर्समधली स्वतःची वजनं ठेवून पाहिली. काटा केसाएवढाही इकडेतिकडे होत नव्हता. पावडरचा साठा वहीशी ताडून पाहिला, तो जसाच्या तसा जुळला. बाईंची जरा निराशाच झाली. खोटा काटा सापडला असता तर एका क्षणात निकाल लागला असता.

"बरं, मला एक सांगा. हे औषध चोरून माणूस करणार काय? नशा येते याची?"

"छे हो. ज्याला लागतं त्याला अमृत, बाकीच्यांना नुसती मळमळ. पंच्याऐंशी वर्षांचं जुनं औषध. याला कोण विचारतं आता?" काकांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "पण या ओळीतल्या सात जणांना हेच लागू पडलंय. नवीन देऊन पाहिली की. कोणाला पुरळ उठलं, कोणाचा स्वभावच बिघडला, कोणाच्या फिटा थांबेनात. एक नंबरची पोर तर तीन औषधं करून याच्यावर आली. चार वर्षं मजेत होती."

"तुम्ही भरता कसं, ते सांगा. काही गाळू नका."

काकांनी मान खाली घालून सांगितलं. शनिवारी पावडर मोजायची, पाकात घालून मोठ्या बरणीत तासभर घोटायची. रविवारी सुट्टी, खोलीला कुलूप. सोमवारी सकाळी बरणी सात खोल्यांच्या ओळीत न्यायची आणि लांब दांड्याच्या पळीने बाटल्या भरायच्या. एक नंबरपासून सुरुवात, सात नंबरला शेवट. तळाला राहिलेलं थोड्या पाकाने खंगाळून सातव्या बाटलीत घालायचं, थेंब वाया जाऊ द्यायचा नाही.

"तुम्ही आल्यापासून असंच चालू आहे?"

"माझ्या आधीचे कंपाउंडर असंच करायचे. त्यांच्या हाताखाली मी शिकलो."

"आणि अलीकडे काय बदललं?"

"काही नाही. पावडर तीच, माप तेच, मीही तोच." काकांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "खोली तेवढी बदलली. पूर्वी औषधखोली अंगणापलीकडच्या शेडमध्ये होती. माझे गुडघे पाहून विश्वस्तांनी महिन्यापूर्वी इकडे आणली. मोठी माणसं आहेत बाई. आता चोर म्हणून काढतील तरी मी त्यांना वाईट म्हणणार नाही."

बाईंना त्या माणसाचा रागही आला आणि कणवही आली. असा निमूटपणा चोराला शोभतो, आणि ज्याला स्वतःची खात्री आहे त्यालाही. काट्यावर दोघांचं वजन सारखंच भरतं, हीच पंचाईत होती.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. "यांना विचारून झालं असेल तर मला विचारा. त्या बाटल्यांना रोज दोनदा हात लावते ती मी. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

दारात सिस्टर उभ्या होत्या.

४

सिस्टर बाईंना औषधवाटपाच्या कपाटापाशी घेऊन गेल्या आणि किल्ली पुढे करून म्हणाल्या, "घ्या. माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या, मला एक वाजता पट्ट्या बदलायच्यात."

कपाटात सात तपकिरी बाटल्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर काकांच्या वळणदार अक्षरात खोलीचा नंबर, आणि खाली 'वापरण्यापूर्वी हलवून घ्यावे'.

"आणि तुम्ही हलवता?"

"अकरा वेळा. मोजून."

"अकराच का?"

"दहा म्हणजे नुसता अंदाज. अकरा म्हटलं की मोजावं लागतं."

बाईंना ही बाई फार आवडली. "काकांशी तुमचं कसं आहे?"

"चार वर्षं बोलणं नाही. एका खिडकीवरून वाजलं होतं, जाऊ द्या ते. पण चोर ते नाहीत." सिस्टरनी कपाट लावलं. "शनिवारी पावडर बरणीत पडते तेव्हा शेजारी उभं राहायचं, असा नियम आहे. मी उभी असते. त्या माणसाशी मी बोलत नाही, त्यामुळे माझं सगळं लक्ष त्यांच्या हातांकडे असतं. पावडर पुरी पडते. बरणी मी सील करते आणि सोमवारी मीच सील तोडते. तुम्हीच सांगा, चोरी केव्हा करणार?"

बाई क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. पावडर पुरी पडली. बरणी कोणी उघडली नाही. कुणी बरणीतच पाक वाढवला असता तर साती बाटल्या पातळ निघाल्या असत्या आणि साती जणांना त्रास झाला असता. पण तीन, चार आणि पाच नंबरचे तर ठणठणीत होते. आणि बरणी खंगाळून लख्ख. माल असा हवेत विरत नसतो. बाजारात एका गिऱ्हाइकाला कमी भरलं, तर ते कुणाच्या तरी पारड्यात जास्त पडलेलं असतं.

"प्रयोगशाळेत फक्त एक नंबरचीच बाटली पाठवली होती ना?"

"फीट तिलाच आली ना आधी."

"आणि सात नंबरची?"

"ती कशाला पाठवतील? मास्तरांना फीट कुठे आली? ते तर..." सिस्टर बोलता बोलता थांबल्या. त्यांनी कपाट पुन्हा उघडून सात नंबरची बाटली हातात घेतली.

"डॉक्टरांनी मास्तरांना तपासलंय?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "फिटांचं काम डॉक्टरांकडे जातं. दारूचं व्यवस्थापकांकडे."

"डॉक्टरांना ताबडतोब बोलवा," बाई म्हणाल्या. "आणि ती मुलगी कुठे बसते, तेवढं दाखवा."

५

वह्या बांधायच्या खोलीत सरस आणि कागदाचा वास भरला होता. कपाळावर पट्टी बांधलेली एक पंचविशीची मुलगी खिडकीशी बसून वहीची पानं शिवत होती. बाई दिसल्यावर तिने सुई टोचून ठेवली.

"काकांनी केलं का ते?" तिने पहिला प्रश्न हाच विचारला.

"तुला काय वाटतं?"

"काका मला ताप आला तर तीनदा विचारून जातात. मी त्यांना चोर कशी म्हणू? पण..." तिने ओठ चावला. "वाईट वाटून घेऊ नका. मला वाटतं, कुणीतरी चोर निघू दे."

"का गं?"

"कारण चोर नसला तर मग औषधच बंद पडलंय. माझ्यावर चालेनासं झालंय. आधीची तीन अशीच गेली, बाई. थोडे दिवस बरं, मग फटकन फीट. हे जुनं औषध चौथं. हे चाललं म्हणून मी वाचायला शिकवलं लहान मुलांना, एकटी बाजारात गेले. पुढच्या महिन्यात ग्रंथालयात कामावर जाणार होते, जुनी पुस्तकं बांधायला. खोली पण बघून ठेवली होती. आता चार वाजता ते बंद करणार म्हणे. आणि ते खरंच संपलं असेल तर बंद करतील नाहीतर काय करतील?"

इतका वेळ बाई मजेत कोडं सोडवत होत्या. त्या कोड्याच्या आत ही पोर बसली आहे हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. नजर चुकवायला म्हणून त्यांनी फळीकडे पाहिलं. तिथे रंगवलेल्या कडांच्या डझनभर वह्या वाळत ठेवल्या होत्या. डावीकडची पहिली फिकट गुलाबी, पुढची जरा गडद, त्यापुढची आणखी, आणि शेवटची पार काळपट लाल.

"या मुद्दाम अशा केल्या?"

"कसलं मुद्दाम. मी आजारी होते तर दुसरीने रंगवल्या. भुकटीचा रंग आहे. भांडं भरून ठेवलेलं असतं, ते ढवळल्याशिवाय वरून वरून घ्यायचं नसतं. तिला कुणी सांगितलंच नाही." मुलीला त्या परिस्थितीतही थोडं हसू आलं. "आमचं सगळं असंच चाललंय हल्ली. पूर्वी सोमवार आला की अंगणातून काकांचा लोखंडी गाडा यायचा. दगडी फरशीवरून असा खडखडाट, की खोलीतले पेले वाजायचे. आता रबराची चाकं आणि गुळगुळीत बोळ. काका कधी येऊन गेले ते कळतसुद्धा नाही."

तराजूबाई वह्यांच्या ओळीकडे बघत होत्या. फिकट, गडद, आणखी गडद. त्यांनी मुलीचे दोन्ही हात धरले, जोरात दाबले, आणि काही न सांगता साठीच्या बाईने पळू नये अशा वेगाने खोलीबाहेर पळाल्या.

"सिस्टर," बोळाच्या टोकावरूनच त्यांनी हाक दिली, "मला काचेचे सात सारखे पेले द्या. आणि साती बाटल्या आणा. हलवून."

६

बारा वाजता औषधखोलीच्या खिडकीत सात पेले ओळीने उभे राहिले. सिस्टरनी प्रत्येक बाटली अकरा वेळा हलवली, आणि प्रत्येक पेल्यात मापाने सारखंच औषध ओतलं. खाली चिठ्ठ्या, एक ते सात. सगळे पेले सारखेच दुधी दिसत होते.

"आता?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"आता कुणी हात लावायचा नाही. शिंकायचं असेल तर बाहेर जाऊन शिंका."

पुढचे तीन तास बाईंना एका जागी बसवेना. त्या बोळात येरझाऱ्या घालत होत्या. दोनदा पेल्यांपाशी गेल्या आणि दोनदा सिस्टरनी त्यांना डोळ्यांनीच मागे हटवलं. काका स्टुलावर बसून होते. आपल्याच औषधाची परीक्षा चालली आहे एवढं त्यांना कळत होतं, पण कशाची ते विचारायचं धाडस होत नव्हतं.

तीन वाजता डॉक्टर आले. तरुण, घाईतले. बाईंनी त्यांना बूट पुसायलाही वेळ दिला नाही, सरळ मास्तरांपुढे नेऊन उभं केलं. डॉक्टरांनी एक बोट उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं. मास्तरांना एका रेषेत चालायला सांगितलं. मग ते वळले तेव्हा कानशिलं लाल झाली होती.

"यांना दारुडा कुणी ठरवलं?" त्यांनी विचारलं. "फेनिटॉइन जास्त झालं की माणूस असाच दिसतो. डोळे थरथरतात, जीभ जड होते, तोल जातो. मला हे तीन आठवड्यांत कुणी सांगितलं का नाही?"



"पण डोस तर सगळ्यांचा ठरलेला आहे," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणून तर. या जुन्या औषधाची हीच खोड आहे. काम चोख करतं, पण माप चुकलेलं त्याला खपत नाही. एका हद्दीपर्यंत डोस वाढवा, काही बोलत नाही. हद्दीपलीकडे थोडा जरी वाढला की रक्तातलं प्रमाण एकदम उडी मारतं. रक्त तपासतोच मी आत्ता, पण मला शंका नाही. यांच्या पोटात ठरल्यापेक्षा बरंच जास्त जातंय."

"मग या," तराजूबाई म्हणाल्या. "सगळे या. किती जास्त ते दाखवते."

सगळे औषधखोलीत शिरले. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं. पेल्यांमधली पावडर खाली बसली होती आणि वरचा पाक निवळला होता. एक नंबरच्या पेल्यात तळाशी पांढरा थर जेमतेम नखाएवढा होता. दोनमध्ये थोडा जास्त. तीन, चार, पाच, चढत चढत. सात नंबरच्या पेल्यात चांगला दोन बोटं थर साचला होता. जिन्याच्या पायऱ्याच मांडल्यासारख्या दिसत होत्या.



७

"चोरी झालीच नाही," बाईंनी सांगायला सुरुवात केली, आणि इतका वेळ कोंडलेला उत्साह त्यांच्या तोंडून भरभरून बाहेर पडला. "सगळं औषध इथेच आहे. एक नंबरकडून गेलं ते सात नंबरकडे आलं, बस्स. शनिवारी काका घोटतात. दोन दिवसांत पावडर तळाला बसते. सोमवारी पळीने वरून वरून घेतलं की पहिल्या बाटलीत पाक जास्त, शेवटच्या बाटलीत गाळ जास्त. वर बरणी खंगाळून उरलेलंही सातव्या बाटलीतच जातं. सिस्टर बाटली अकरा वेळा हलवतात, पण बाटलीत आलंच कमी तर हलवून वाढणार कसं?"

"पण बावीस वर्षं हेच चाललंय," व्यवस्थापक म्हणाले.

"बावीस वर्षं बरणी लोखंडी गाड्यावरून दगडी अंगण ओलांडून यायची. पेले वाजायचे एवढा खडखडाट. त्यात तळाचा गाळ आपोआप वर यायचा. औषध माणसाने कधी हलवलंच नाही, अंगणाने हलवलं. काकांच्या आधीच्यांना हे माहीत नव्हतं, त्यांनी काकांना सांगितलं नाही. महिन्यापूर्वी तुम्ही चांगल्या मनाने रबराची चाकं दिलीत आणि तिथून सुरुवात झाली. औषध जुनं झालेलं नाही डॉक्टर. ते पूर्वीसारखंच आहे."

डॉक्टरांनी सातवा पेला उचलून पाहिला आणि जपून खाली ठेवला. "बंद करायचं काही कारण उरलं नाही," ते म्हणाले. "उलट आज एकदम बंद केलं असतं, तर साती जणांना एकामागून एक फिटा आल्या असत्या. मी नवीन औषधाच्या मागे लागलो होतो, कारण हे हाताळायला कटकटीचं. पण ज्याला लागू पडतं त्याच्याकडून ते काढून घ्यायचं नसतं. मास्तरांचे आणि आजींचे डोस मी बसवून देतो. बैठकीत मीच सांगेन."

व्यवस्थापकांनी ठरावाचा कागद खिशात घडी करून ठेवला आणि काकांकडे वळले. "काका, माझं चुकलं. तुम्ही चोर नाही."

बाईंना वाटलं, आता काका सुटकेचा निःश्वास टाकतील. काका उठले नाहीत. ते पेल्यांशेजारच्या बाटल्यांवरच्या आपल्याच अक्षराकडे पाहत होते.

"दर सोमवारी सात लेबलं लिहितो मी," ते हळूच म्हणाले. "सातींवर 'हलवून घ्यावे'. बावीस वर्षं. आणि बरणीवर एकदाही लिहिलं नाही."

"दिव्याखाली अंधार," सिस्टर म्हणाल्या. चार वर्षांत काकांशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द होता, आणि त्यात टोमणा नव्हता.

"म्हणजे पोरीचं कपाळ माझ्यामुळे फुटलं," काका म्हणाले.

तराजूबाईंचा सगळा आनंद एकदम ओसरला. चोरीचा आळ या माणसाने निमूट सोसला होता, कारण तो खोटा होता. हे खरं होतं. आपण केवढ्या तोऱ्यात बोलत होतो, हे आठवून त्यांना स्वतःची शरम वाटली. त्या काहीतरी धीराचं बोलणार होत्या, पण तोवर काका टेबल धरून उभे राहिले होते.

"तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको," ते म्हणाले.

ते गुडघे सांभाळत बोळातून निघाले. बाईही मागोमाग गेल्या आणि वह्यांच्या खोलीच्या दाराशी थांबल्या. काकांनी मुलीसमोरच्या बाकावर बसून सगळं सांगितलं. गाडा, चाकं, पळी, पेले. स्वतःची बाजू सावरून घेणारं एक अक्षरही ते बोलले नाहीत. मुलगी सुई हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे त्या दिवशी माझ्या पोटात औषध निम्मंच होतं?" तिने विचारलं.

"हो गं."

"आणि पुरं असतं तर?"

"तर बहुतेक फीट आली नसती. औषध होतं तसंच आहे. डॉक्टर म्हणाले, बंद करायचं नाही."

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिचे खांदे हलायला लागले. काकांनी हात पुढे केला, पण तिला स्पर्श करायचा त्यांना धीर होईना. तिने हात काढले तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि ती हसत होती.

"दोन आठवडे मी मनातल्या मनात सगळं आवरून ठेवलं होतं," ती म्हणाली. "ग्रंथालय नाही, खोली नाही. म्हटलं, हेही सोडून गेलं मला. काका, ते सोडून गेलंच नव्हतं. ते माझ्यापर्यंत आलंच नव्हतं."

दारात उभ्या असलेल्या तराजूबाईंना भरून आलं, आणि पर्समध्ये रुमाल शोधता शोधता ताणकाटा हाताला लागला तो त्यांनी तसाच परत ढकलला. काका अजून मान खाली घालून बसले होते.

"रागाव गं माझ्यावर," ते म्हणाले. "काहीतरी बोल."

"रागावणार आहेच," मुलगी म्हणाली, आणि खुंटीवरची पिशवी घेऊन घाईघाईने चपला शोधू लागली. ग्रंथालय पाच वाजता बंद व्हायचं. "पण उद्या. आज मला वेळ नाही."